पुठ्ठ्यावरचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर: कामाच्या नोंदी

५ मे, सोमवार

वेळापत्रकाचं काम शेवटी माझ्या गळ्यात पडलं. बावीस वर्षं हे काम करणारे आमचे पर्यवेक्षक सर एप्रिलअखेर निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि सुट्टीचा पहिला सोमवार उजाडतोय तोवर मुख्याध्यापकांचा फोन, तुम्ही गणिताचे, कॉम्प्युटरही येतो, एवढं बघून टाका. 'एवढं' म्हणाले. नोंदी ठेवायचं ठरवलंय कारण सरांनी काहीच लिहून ठेवलेलं नाही, सगळं डोक्यात, आणि ते डोकं आता घरी बसून पेपर वाचतंय.

तर पसारा असा. पाचवी ते दहावी, प्रत्येकी तीन तुकड्या, म्हणजे १८. सोमवार ते शुक्रवार रोज ८ तास, शनिवारी सकाळची शाळा ५ तास, आठवड्याला ४५. अठरा गुणिले ४५ म्हणजे ८१० चौकोन भरायचे. शिक्षक २८, त्यातल्या संस्कृतच्या मॅडम तासिका तत्त्वावर, आठवड्यातून तीनच दिवस येणार. नवव्या इयत्तेचं उदाहरण: मराठी ६, हिंदी ६, इंग्रजी ७, गणित ७, विज्ञान ७, इतिहास-भूगोल मिळून ६, शारीरिक शिक्षण २, जलसुरक्षा १, कला २, ग्रंथालय १. बेरीज ४५ बरोबर जुळते.

मुख्याध्यापकांना विचारलं नियम काय काय आहेत, त्यांनी एका कागदावर ९ लिहून दिले. नऊच म्हटल्यावर बरं वाटलं.

७ मे, बुधवार

सॉफ्टवेअर फेट घेतलंय. फुकट आहे, रोमानियाच्या लिव्हियू लालेस्कूने २००२ मधे सुरू केलेलं आणि अजूनही नव्या आवृत्त्या काढतोय, शाळांसाठीच बनवलेलं. विकतची पण आहेत पण शाळेकडे खडूला पैसे नसतात तिथे लायसन कुठून आणणार. कोणते सर कोणत्या तुकडीला कोणता विषय आठवड्याला किती तास, हे सगळं दीड दिवस बसून टाकलं. पाठ धरली.

आज पहिला प्रयोग. नियम एकही नाही, फक्त एका वेळी एक शिक्षक एकाच वर्गावर आणि एका वर्गावर एकच शिक्षक. बटण दाबलं, चहाचा कप उचलला, खाली ठेवायच्या आत ८१० च्या ८१० बसले!! बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली मग पर्यवेक्षक सर दरवर्षी मे महिना घालवायचे ते कशात.

९ मे, शुक्रवार

बायकोच्या प्रश्नाचं उत्तर रात्री वाचताना मिळालं आणि गणिताचा शिक्षक असून मला हे आधी सुचलं नाही याची लाज वाटली. एका बाजूला वर्ग मांडा, दुसऱ्या बाजूला शिक्षक, प्रत्येक तास म्हणजे दोघांना जोडणारी एक रेघ. आता रेघांना रंग द्यायचे, एका टिंबाला येणाऱ्या दोन रेघांना एकच रंग चालणार नाही. रंग म्हणजे तासिकेचा नंबर. हंगेरीच्या कोनिगने १९१६ मधेच सिद्ध करून ठेवलंय की अशा दोन बाजूंच्या आकृतीत एका टिंबाला जास्तीत जास्त जितक्या रेघा येतात तितके रंग पुरतात. आमच्याकडे वर्गाला ४५ रेघा, शिक्षकांपैकी सगळ्यात जास्त म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या (शा. शि.) सरांना ३६, म्हणून ४५ रंग पुरणारच. म्हणजे मी परवा जे करून दाखवलं ते न होणं अशक्य होतं. नाचलो उगाच.

अडचण सुरू होते ती 'या वेळी हे सर नाहीत' म्हटल्यावर. इव्हन, इताई आणि शमीर या तिघांनी १९७६ मधे दाखवलं की शिक्षकांच्या उपलब्धतेच्या वेळा घातल्या की हाच प्रश्न एनपी-कम्प्लीट होतो, म्हणजे शाळा मोठी झाली तरी हमखास लवकर सुटेल अशी कुठलीही रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. टोरांटोचा गॉटलिब १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वर्ग-शिक्षक वेळापत्रक कॉम्प्युटरवर करू बघत होता, आणि १९९५ पासून तर याच एका विषयावर साधारण दर दोन वर्षांनी आंतरराष्ट्रीय परिषद भरते, पहिली एडिंबराला भरली होती. आम्ही आपलं समजत होतो हे कारकुनी काम आहे.

आज भाषांचा गठ्ठा टाकला. आठवी, नववी, दहावीला काही मुलं पूर्ण हिंदी घेतात, काही संयुक्त घेतात म्हणजे अर्धं हिंदी अर्धं संस्कृत. मग हिंदीच्या तासाला तिन्ही तुकड्या फुटतात आणि पुन्हा तीन वर्गांत बसतात, दोन खोल्या पूर्ण हिंदी, एक खोली संयुक्त. म्हणजे तो तास तिन्ही तुकड्यांना एकाच वेळी यायला हवा. हिंदीचे शिक्षक तीन. संयुक्तवाले संस्कृतला असताना दोन लागतात, संयुक्तवाले हिंदीला असताना तिन्ही. म्हणजे आठवीचा गठ्ठा चालू असताना नववीचा लागूच शकत नाही. तीन इयत्ता गुणिले ६ म्हणजे १८ गठ्ठे, सगळे वेगवेगळ्या वेळी. त्यात संस्कृतच्या मॅडम सोमवार, बुधवार, शुक्रवार, तेही मधल्या सुट्टीनंतरच, कारण सकाळी त्यांची दुसरी शाळा असते.

विज्ञानाचे जोडतास पण घातले, आठवी ते दहावी प्रत्येक तुकडीला एक. आता एकूण ७६५ वस्तू बसवायच्या.

१३ मे, मंगळवार

आज दहावीचा निकाल, दुपारी एकनंतर दोन तास फोन खाली ठेवता आला नाही. निकाल चांगला आहे आमचा. वेळापत्रकाचा नाही.

नऊच्या नऊ नियम घातले आणि फेट अडकलं. ते काय करतं तर सगळ्यात अवघड तास आधी बसवतं, पुढचा बसेना झाला की आधी बसवलेल्यापैकी एक-दोन उचलून बाजूला काढतं, याला बसवतं, मग त्या काढलेल्यांना दुसरीकडे जागा शोधतं, ते करताना आणखी कुणाला उचलतं, असं साखळीने आत आत जातं. एसटीत म्हातारीला जागा देताना सगळी सीट सरकते तसं. स्क्रीनवर आकडा दिसत राहतो, किती बसले. ७५८, ७६१, ७६३, परत ७६०. रात्रभर चालू ठेवलं. सकाळी ७६३. त्याच्या पुढे हलत नाही.

१५ मे, गुरुवार

दोन दिवस आकडे वाढवले, वजनं कमी केली, काही उपयोग नाही. दरवेळी कमीत कमी दोन उरतात आणि गंमत म्हणजे उरलेले दोन्ही तास शा. शि. चेच, कधी ६ब आणि ९क, कधी ५अ आणि ७अ. तुकड्या बदलतात, विषय बदलत नाही.

पुण्याला भाचा आहे सॉफ्टवेअरमधे, त्याला फोन केला. म्हणाला, मामा, फेट शोधत राहतं, पण असं काही अस्तित्वातच नसेल तर ते तुला ठामपणे सांगणार नाही. गूगलचं ओआर-टूल्स म्हणून आहे, त्यातलं सीपी-सॅट वापर, ते 'अशक्य' असं सिद्ध करून देऊ शकतं. संध्याकाळी त्याने पायथनमधे प्रोग्रामचा सांगाडा लिहून पाठवला. कल्पना सोपी आहे: प्रत्येक तास आणि आठवड्यातल्या प्रत्येक जागेसाठी एक हो-नाही. ७६५ गुणिले ४५, साधारण ३४ हजार हो-नाही. मग अटी: प्रत्येक तासाचं एकच 'हो', प्रत्येक शिक्षकाचं एका वेळी जास्तीत जास्त एक 'हो', वगैरे वगैरे.

भाच्याने एक शहाणपणा केला होता, प्रत्येक नियमाला एक स्विच दिला होता. सगळे चालू: अशक्य, आणि हे सांगायला त्याला काही सेकंदच लागले, मी दोन रात्री लॅपटॉप तापवला त्याच्यावर. मग एकेक नियम बंद करून बघितलं. सात नियम बंद करूनही अशक्यच. दोनच असे निघाले की त्यातला कुठलाही एक बंद केला की वेळापत्रक लागतं:

नियम २, पहिला तास रोज वर्गशिक्षकांचा, कारण हजेरी ऑनलाइन भरायची असते.
नियम ७, मधल्या सुट्टीनंतर लगेच शा. शि. नको, जेवून पळवलं की पोरं ओकतात.

दोन्ही नियम एकेकटे अगदी शहाणे आहेत. पेन्सिल घेतली. आठवड्याचे तास ४५. पहिला तास सहा दिवस वर्गशिक्षकांकडे, शा. शि. चे सर कुणाचे वर्गशिक्षक नाहीत, म्हणजे ते ६ गेले. मधल्या सुट्टीनंतरचा म्हणजे पाचवा तास सोमवार ते शुक्रवार, ते ५ गेले. उरले ३४. मैदान एक, सर एक, अठरा तुकड्यांना दोन-दोन तास म्हणजे ३६.

३४ खुर्च्या आणि ३६ पाहुणे. दोन उरतात ते हे दोन!! चौथीच्या पोराला समजेल अशी वजाबाकी आणि मी नऊ दिवस घालवले. पण कुठल्याच एका नियमात ती दिसत नाही, दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय.

१९ मे, सोमवार

मुख्याध्यापकांना वजाबाकी दाखवली. ते म्हणाले, दोन्ही नियम पाहिजेत, आणि सर लावत होते की बावीस वर्षं. याला उत्तर नव्हतं म्हणून संध्याकाळी सरांकडेच गेलो. मी त्यांचाच विद्यार्थी, आठवीत भूगोल शिकवायचे.

सरांनी माळ्यावरून पुठ्ठा काढायला लावला. टीव्हीच्या खोक्याचा असावा, चार फुटी, त्यावर रुळाने आखलेले चौकोन, आणि काडेपेटीच्या रिकाम्या पेट्यांत चिठ्ठ्या, प्रत्येक शिक्षकाच्या वेगळ्या रंगाच्या, कडा झिजून मऊ झालेल्या. काही चिठ्ठ्यांवर तीन तीन नावं खोडलेली, माणसं बदलली पण चिठ्ठी तीच.

सर म्हणाले, आधी लाल. लाल म्हणजे संयुक्तचा गठ्ठा. मग जो बाहेरून येतो तो. मग ज्याला सगळी शाळा लागते तो, म्हणजे शा. शि. आणि चित्रकला. मग जोडतास. मराठी-गणित शेवटी, ते कुठंही बसतात. वेल्श आणि पॉवेल यांनी १९६७ मधे आलेखाला रंग देण्याची जी रीत मांडली तिचा गाभा हाच, ज्याला जास्त रेघा त्याला आधी रंग दे, आणि वेळापत्रकासाठीच मांडली होती ती. सरांनी त्यांची नावंही ऐकलेली नाहीत. बसेना झालं की सर एक चिठ्ठी उचलून ओठात धरायचे, दुसरी बसवायचे, मग ओठातल्या चिठ्ठीला जागा बघायचे. फेटचं हेच चालतं, फक्त त्याच्या ओठात चौदा चिठ्ठ्या मावतात.

मग मी ३४ आणि ३६ सांगितलं. सर हसले. "अरे, शनिवारी पाचवी-सहावीची कवायत सामुदायिक असते, ती तू तुकडीनिहाय कशाला मांडलीस?"

म्हणजे शनिवारी एका तासाला पाचवीच्या तिन्ही तुकड्या मैदानावर, एका तासाला सहावीच्या तिन्ही. सहा तासांचे दोन झाले, चार वाचले. ३६ चे ३२. मी स्वतः या शाळेत अकरा वर्षं आहे, दर शनिवारी ती कवायत खिडकीतून बघतो. पण कागदावर 'शा. शि. २ तास' लिहिलेलं होतं म्हणून मी ते २ तास १८ वेळा टाकले.

आणखी एक विचारलं, की सर तुम्ही पहिला तास वर्गशिक्षकांना रोज द्यायचात का. म्हणाले, शक्यतो.

हा शब्द घरी येईपर्यंत डोक्यात राहिला. वेळापत्रकाच्या संशोधनात अटींचे दोन वर्ग करतात, मोडल्या तर चालणारच नाही अशा आणि मोडल्या तर दंड लागेल अशा. आपल्याकडे हे आधीपासूनच आहे, 'हवंच' आणि 'शक्यतो'. मुख्याध्यापकांनी दिलेल्या नऊपैकी एकाही नियमात शक्यतो शब्द नव्हता. सरांशी बोलताना नऊचे ३१ झाले, आणि त्यातल्या २० च्या मागे शक्यतो आहे.

२६ मे, सोमवार

यंदा पाऊस मे महिन्यातच आलाय, आज मुंबईतही पोचल्याचं बातम्यांत सांगितलं. आमच्याकडे दोन दिवस लाइट येऊन-जाऊन. लॅपटॉपच्या बॅटरीवर सव्वा तासात काय होईल ते.

झालं! ७६१ पैकी ७६१, बारा मिनिटांत. प्रिंट काढायला स्टेशनरीवाल्याकडे गेलो, भिंतीवर लावून लांबून बघितलं आणि ९ब च्या बुधवारवर नजर अडकली. विज्ञानाचा जोडतास चौथा आणि पाचवा. मधे मधली सुट्टी! म्हणजे प्रयोग मांडायचा, परीक्षानळ्या टेबलावर, आणि पोरं डबा खायला. फेटच्या दृष्टीने चार नंतर पाच येतो, सुट्टी ही वस्तूच त्याला माहीत नाही कारण सुट्टी हा तास नाही. प्रत्येक जोडतासाला कुठून सुरू व्हायची परवानगी आहे ते वेगळं सांगावं लागलं. नियम ३२.

२ जून, सोमवार

गेले चार-पाच दिवस 'शक्यतो'ला वजनं देतोय आणि हा सगळ्यात किचकट भाग आहे, गणिताने नाही तर माणसांनी. स्टाफच्या ग्रुपवर टाकलं होतं की प्रत्येकाने एकच मागणी कळवा. २८ जणांकडून ४१ मागण्या आल्या. त्यात ११ जणांना शेवटचा तास नको.

याला काही करता येत नाही हे दाखवायला कॉम्प्युटर लागतच नाही. शेवटचा म्हणजे आठवा तास आठवड्यातून पाच दिवस, १८ वर्ग, ९० जागा. अकरा जणांना सूट दिली तर उरतात १७, ते पाचही दिवस शेवटच्या तासाला उभे राहिले तरी ८५. त्यात संस्कृतच्या मॅडम तीनच दिवस, म्हणजे ८३ च. सात वर्ग मोकळे. हे गणित तसंच्या तसं ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं की प्रत्येकाला जास्तीत जास्त चार शेवटचे तास येतील, मलाही. तासभर कुणी काही बोललं नाही, मग एकाने अंगठा टाकला.

रात्री स्पर्धांबद्दल वाचत होतो. आंतरराष्ट्रीय वेळापत्रक स्पर्धा पहिल्यांदा २००२ मधे झाली, मग २००७, २०११ ची खास हायस्कूलांसाठी, २०१९ ची खऱ्या विद्यापीठांच्या डेटावर. २००७ च्या तीनपैकी दोन गटांत टोमाश म्युलर जिंकला, तोच पर्ड्यू विद्यापीठाच्या युनिटाइम या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमागे आहे. त्या स्पर्धेतल्या एका गटात दंड असे: खोलीत मावेना झाल्यास जादा विद्यार्थ्यामागे १, विषयाचे तास ठरलेल्यापेक्षा कमी दिवसांत कोंबले तर दर दिवसामागे ५, मुलांच्या वेळापत्रकात सुटा तास पडला तर २, खोली बदलली तर १. पाच का आणि चार का नाही? कुणीतरी बसून ठरवलंच असणार. तसंच इथे मी ठरवतोय की संस्कृतच्या मॅडमची शेवटची गाडी चुकणं म्हणजे किती आणि एका सरांना दुपारी झोप येते म्हणून पाचवा तास नको हे किती. पहिल्याला पूर्ण वजन. दुसऱ्याला नाही, आणि ते सर मला सीनियर आहेत.

एक गोष्ट मात्र तिकडची इथे सरळ उलटी. फेटमधे आणि बहुतेक पेपरांत शिक्षकाच्या दोन तासांमधला मोकळा तास कमी करणं चांगलं मानतात, म्हणजे माणूस लवकर घरी जाईल. ब्राझीलच्या शाळांच्या डेटात तर शिक्षक आठवड्यातून कमीत कमी दिवस यावा अशी अट असते, कारण तो दोन-तीन शाळांत शिकवतो, आमच्या संस्कृतच्या मॅडमसारखाच. पण आमच्या बाकीच्यांना सकाळी मस्टरवर सही केली की पाचपर्यंत शाळेतच राहायचंय. त्यांना मधला ऑफ तास हवाच असतो, वह्या कधी तपासायच्या. शिवाय कुणी रजेवर गेलं की बदली तासाला पाठवायला माणूस लागतो तो याच ऑफमधून येतो. मी आधी डोळे झाकून मोकळे तास कमी करायची अट घातली होती, तर सगळ्यांना सकाळपासून सलग पाच-सहा तास आणि मग दुपारी लोळा. उडवली ती अट. आता सलग तीनपेक्षा जास्त तास नकोत आणि रोज एक तरी ऑफ, दोन्ही हवंच.

११ जून, बुधवार

स्टाफ मीटिंग. वेळापत्रक दाखवलं. पहिली दहा मिनिटं कौतुक, मग ९अ च्या वर्गशिक्षिका, मराठीच्या मॅडम, उठल्या. म्हणाल्या, सर, माझे ९अ वर आठवड्याला सहा तास, आणि सहाच्या सहा पहिले आहेत.

बघतो तर खरंच. वर्गशिक्षकांना रोज पहिला तास, दिवस सहा, मराठीचे तास सहा, मग दुसरं होणारच काय. मी म्हटलं त्यात वाईट काय, मुलं ताजी असतात. त्या म्हणाल्या, तुम्ही पहिला तास कधी घेतलाय? परिपाठ लांबतो, रोज एक सुविचार, एक बातमी, एक वाढदिवस, दहा मिनिटं जातात. वाडीवरच्या पोरांची एसटी सव्वा अकराला येते. हजेरी भरायला नेट नाही म्हणून मी मोबाइल घेऊन व्हरांड्यात. ३५ मिनिटांपैकी मला वीस मिळतात, वर्षभर, एकाच वर्गाला, एकाच विषयाला.

मी गप्प. माझे वर्गावर ७ तास असल्याने एक तरी दुसरीकडे पडतो, मला हे कधी टोचलंच नव्हतं. सगळ्या वर्गांत बघितलं तर ज्या वर्गशिक्षकांचे तास बरोबर सहा आहेत अशा सात तुकड्या निघाल्या.

मुख्याध्यापकांनी तिथेच मान्य केलं: आठवड्यातून चार दिवस हवंच, उरलेले दोन शक्यतो. दोन दिवस हजेरी ज्याचा तास तो घेईल. वही उघडलेलीच होती म्हणून आणखी बरंच काही आलं, कला शिक्षकांना जोडतास, ग्रंथालयात एका वेळी एकच वर्ग, बीएलओ म्हणजे मतदार यादीची ड्यूटी असलेल्या दोघांना शनिवारी शेवटचे तास मोकळे. एकूण ५२. रात्री अकरापर्यंत टाकून परत चालवलं. नियम वाढले तरी आधीपेक्षा लवकर लागलं, पहिल्या तासाची गाठ सैल केल्यामुळे असावं.

१६ जून, सोमवार

शाळा सुरू. गुलाबपुष्प, नवी पुस्तकं, पाऊस. वेळापत्रक प्रत्येक वर्गात चिकटवलं, शिपाईमामांना घंटेची वेगळी प्रत. सातवी ब मधे पहिल्याच दिवशी दोन शिक्षक एका वर्गात! माझा श्वास अडकला. त्यातल्या एका सरांनी मागच्या वर्षीचं वेळापत्रक खिशात ठेवलं होतं.

२४ जून, मंगळवार

शनिवारची सामुदायिक कवायत पावसाने धुतली, तीन तुकड्या प्रार्थनेच्या हॉलमधे उभ्या केल्या, हात पसरले की शेजाऱ्याच्या डोळ्यात. बाकी ठीक.

८ जुलै, मंगळवार

विज्ञानाच्या एक मॅडम आजपासून दीर्घ रजेवर. त्यांचे २९ तास. बदली म्हणून जी मुलगी मिळालीये ती मधल्या सुट्टीपर्यंतच थांबू शकते, शनिवारी पूर्ण. म्हणजे पाच दिवस चार-चार आणि शनिवारचे पाच, २५ जागा. आता ही वजाबाकी आधी करायची सवय लागलीये. सलग तीनची अट तिच्यापुरती सोडून २४ तास तिला दिले, आठवीचे पाच मी घेतले.

पण तिचे २४ सकाळी आणायचे म्हणजे इतरांचे हलणार. सगळं नव्याने चालवून बघितलं, लागलं, पण जुन्याशी ताडून पाहिलं तर सहाशेच्या वर तास जागचे हलले होते. तीन आठवड्यांत मुलांना, शिक्षकांना, घंटा देणाऱ्या मामांना, घरी डब्बा भरणाऱ्या आयांनासुद्धा कुठल्या दिवशी काय ते पाठ झालंय. हे वाटलं असतं तर स्टाफरूममधून जिवंत बाहेर आलो नसतो. मग उलटं, बाकी सगळ्यांचे तास कुलूप लावून ठेवले आणि हिचेच हलवायला सांगितले, तर अशक्य.

भाच्याने सांगितलं यालाही नाव आहे, कमीत कमी हलवाहलवीचा प्रश्न, आणि म्युलरने रुडोव्हा आणि बार्ताक यांच्याबरोबर यावर काम केलंय, कारण विद्यापीठातही वेळापत्रक जाहीर झाल्यावरच बदल येतात. त्याच्या प्रोग्राममधे ध्येय बदललं: सुंदर वेळापत्रक नको, जुन्यापासून जितकं कमी हलेल तितकं बरं. पन्नास मिनिटं चाललं. ४३ तास हलले. त्यातले १७ शिक्षकांचे आपापसातले अदलाबदलीचे, म्हणजे वर्गाला विषय तेच, फक्त मंगळवारचा भूगोल गुरुवारी.

४३ बदलांची यादी माणसागणिक वेगळी करून चिठ्ठी प्रत्येकाच्या हातात दिली, ग्रुपवर टाकली नाही. ग्रुपवर टाकलं की प्रत्येक जण दुसऱ्याचं काय झालं ते आधी बघतो.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. पोरांनी सरांना बोलावलं होतं. कार्यक्रम झाल्यावर सर स्टाफरूममधल्या मोठ्या तक्त्यासमोर जाऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर, बोट एकेका ओळीवरून. मी मागे. हिंदीचा गठ्ठा बघितला, मान हलवली. जोडतास बघितले. शनिवारच्या ओळीवर बोट थांबलं.

"तिसऱ्या तासाला पाचवीची कवायत ना? आणि दहावी क ला गणित?"

म्हटलं हो.

"दहावी क ची खिडकी मैदानाकडे."

तो तास माझाच आहे. गेले दोन शनिवार मी ओरडून शिकवतोय, शिट्टी आणि ढोलाच्या वरताण, आणि घरी येऊन आल्याचा चहा पितोय. नियम ६४ लिहिलाय: मैदानाकडच्या वर्गांना कवायतीच्या तासाला गणित-विज्ञान शक्यतो नको. वजन किती द्यायचं ते शनिवारचा तास घेऊन आल्यावर ठरवतो.